भिंतीवरचे सासरे

"माझ्या मालिकेत कुणी मरणार नाही!" लेखकाने बायकोला ठणकावून सांगितलं. "एकच माणूस मेलेला असेल, तोही पहिल्या भागाच्या आधी. आणि तो परत येणार नाही. कुणाची स्मृती जाणार नाही, कुणाला जुळा भाऊ असणार नाही. साधं घर, साधी माणसं. बघच तू!"

बायको त्याच्या शर्टाला बटण लावत होती. तिने दातांनी दोरा तोडला आणि म्हणाली, "बघते."

असं बोलायचा त्याला हक्क होता. ऐन उमेदीची वर्षं त्याने दुसऱ्यांच्या मालिकांसाठी संवाद लिहिण्यात घालवली होती. सुरुवात झाली प्रेशर कुकरच्या जाहिरातीपासून. शिट्टी व्हायच्या आधी बाईने नवऱ्याला काय म्हणावं, एवढंच लिहायचं होतं. ते त्याने इतकं मन लावून लिहिलं की कुणीतरी त्याला मालिकेत ओढलं, आणि मग तो त्या घाण्याला जुंपलाच गेला. रोज सकाळी सेटवरून फोन यायचा. मोठ्या भावाला ताप आलाय, त्याचे संवाद धाकट्याला द्या. धाकटा दुसऱ्या मालिकेत गेला, त्याचे संवाद आजीला द्या. त्याची एक सून एकाच मालिकेत तीनदा वेडी झाली आणि तीनदा बरी झाली. तो तक्रार करायला गेला की सगळे एकच सांगायचे, "निर्मात्यांशी बोला." निर्माते म्हणायचे, "लेखकराव, हा धंदा आहे."

तेव्हा त्याने मनाशी ठरवलं होतं, एक दिवस आपणच निर्माता व्हायचं. मग आपल्या वाक्याला हात लावायची कुणाची बिशाद आहे!

केस पांढरे झाल्यावर तो दिवस आला. शिंप्याच्या दुकानावरच्या एका खोलीत त्याने कचेरी थाटली, दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावली आणि एका वाहिनीने त्याची मालिका घेतली. या धंद्यात लोकांना घरच्या वहिनीपेक्षा वाहिनीचा धाक जास्त असतो. या वाहिनीचा कारभार एक बाई पाहायच्या. वयाने त्याच्या भाचीएवढ्या, हातात दोन फोन, आणि बोलताना वाक्यागणिक "सर". पण त्या सरमध्ये विनंतीपेक्षा हुकूमच जास्त असायचा.

गोष्ट खरंच साधी होती. एक विधवा आई, दोन मुलं, एक मुलगी, आणि त्याच घरात राहणारा मुलीचा गरीब स्वभावाचा नवरा. घराचा कर्ता पुरुष भिंतीवर, काळ्या चौकटीत. आई रोज त्या फोटोशी बोलते. बस्स.

चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी सगळं जागच्या जागी होतं, फक्त तो फोटोतला माणूस सोडून. ज्या वयस्कर नटाचा फोटो लावायचा ठरला होता, त्याने ऐनवेळी कच खाल्ली. "पडद्यावर मी शंभरदा मेलोय," तो फोनवर म्हणाला, "पण भिंतीवर नाही लागणार. माझी तब्येत हल्ली बरी नसते."

सेटवर दिवे लागलेले. विधवेचं काम करणाऱ्या ज्येष्ठ बाई मेकअप करून बसलेल्या. दिग्दर्शक घड्याळाकडे बघतोय. कलादिग्दर्शक रिकामी चौकट हातात धरून उभा. "सर, कुणाचाही चालेल," तो काकुळतीला आला. "मागे कुठेतरी धूसर दिसणार. एवढ्या दिवसापुरतं भागवू या!"

लेखकाला आठवलं, आपल्या गाडीत एक फोटो आहे.

तो सासऱ्यांचा होता. त्यांच्या पंचाहत्तरीसाठी बायकोने मोठा करून घेतला होता आणि तो फ्रेमवाल्याकडून आणायचं काम नवऱ्याकडे दिलं होतं. सासरे म्हणजे वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. हयातभर दुकानादुकानांतून तराजू तपासले, खोटी वजनं जप्त केली, चहाच्या कपालाही मिंधे झाले नाहीत. ते शेजारच्या गावात राहायचे, आणि तिथं त्यांना सगळे काटेसाहेब म्हणायचे. फोटोतही ते समोरच्याचं माप घेत असल्यासारखे बघत होते. त्या नजरेसमोर लेखक पहिल्यांदा उभा राहिला, तो लग्नाची मागणी घालताना. "मालिका लिहिता," सासरे तेव्हा म्हणाले होते. "बरं. आणि काम काय करता?"

फोटो भिंतीवर चढला. खाली एक छोटा पिवळा दिवा लागला. ज्येष्ठ बाईंनी मान वर केली, त्या नजरेत पाहिलं आणि ग्लिसरीनशिवाय त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"काय माणूस शोधलात हो!" शॉट संपल्यावर त्या म्हणाल्या. "नुसतं बघितलं तरी रडू येतं."

"मला माहीत आहे," लेखक म्हणाला.

धूसर वगैरे काही राहिलं नाही. कॅमेरावाल्याने सासऱ्यांचे डोळे पडदाभर घेतले. आणि मालिकेचा नियम असा, की काल जे भिंतीवर होतं ते आजही तिथंच हवं, नाहीतर प्रेक्षक पत्र लिहितात. लेखकाने घरी सांगितलं, फ्रेमवाला गावाला गेलाय. पंचाहत्तरी फोटोशिवाय झाली. सासरे बातम्यांखेरीज काही बघत नाहीत आणि सासूबाई त्यांच्यामुळे काही बघू शकत नाहीत, एवढ्या एका आधारावर लेखक रात्री शांत झोपत होता.

मालिका चालली. हळूहळू नव्हे, बघता बघता चालली. वाहिनीने चौकाचौकांत मोठे फलक लावले. खाली सगळं कुटुंब, वर काळ्या चौकटीत सासरे, आणि मोठ्या अक्षरांत, 'ते गेले... घर उरलं.' फलक शहरात होते तोवर ठीक होतं.

एका सकाळी शेजारच्या गावात सासऱ्यांच्या दारावरची घंटा वाजली. सासऱ्यांनी स्वतः दार उघडलं. दारात त्यांच्या खात्यातला जुना सहकारी, लांबच्या गावाहून बस बदलत आलेला, चेहरा उतरलेला, हातात पिशवी. त्याने वर पाहिलं आणि पिशवी खाली पडली.

"साहेब... तुम्ही?"

"मग कोण असणार? या की. असं अचानक?"

"मी तुम्हालाच... म्हणजे तुमच्या नसण्यालाच भेटायला आलो होतो," तो कसाबसा म्हणाला आणि उंबऱ्यावरच बसला.

त्याला पाणी दिलं, चहा दिला. चहा पिता पिता त्याने सगळं सांगितलं, त्याच्या गावच्या चौकात लागलेला मालिकेचा फलक, त्यावरचा फोटो आणि 'ते गेले'. त्या दिवशी बातम्यांच्या ऐवजी सासऱ्यांनी दुसरंच बटण दाबलं आणि स्वतःला पाहिलं. समोर एक परकी बाई पदर डोळ्यांना लावून त्यांना विचारत होती, "का गेलात मला सोडून?"

सासूबाई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या. क्षणभर पडद्याकडे पाहिलं, क्षणभर नवऱ्याकडे.

"फोटो छान आलाय," त्या म्हणाल्या.

पुढच्या बसने दोघं लेकीच्या घरी हजर! सासरे सोफ्याच्या अगदी कडेला बसले. बायको लेखकासमोर उभी राहिली.

"फ्रेमवाला गावाला गेला होता ना?"

"गेला होता," लेखक म्हणाला. "म्हणजे... एकदा गेला होता."

"जावईबापू," सासरे म्हणाले. आवाज चढला नव्हता, आणि तेच वाईट होतं. "मी आयुष्यात कुणाला खोटं वजन वापरू दिलं नाही. आणि तुम्ही मला जिवंतपणी भिंतीवर टांगलंत. मला एक सांगा, तुम्हाला मी इतका नकोसा होतो का?"

लेखकाने बायकोकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. 

"उद्या फोटो उतरवतो, बाबा," शेवटी तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी वाहिनीच्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "सर, फलक लागलेत," त्या म्हणाल्या. "लोक त्या फोटोसाठी बघतायत. तो उतरवला तर मालिकाही उतरेल."

मालिका उतरली तर साठ माणसं घरी बसणार होती, ज्येष्ठ बाईंसकट. फोटो राहणार हे ठरलं. मग सासऱ्यांचं समाधान करायला लेखकाने आपल्या हातातली एकच गोष्ट केली. त्याने विधवेच्या तोंडी रोज सासऱ्यांची स्तुती घातली. "त्यांनी कधी कुणाचं माप मारलं नाही!" "ते खोटं बोलले असते तर आज माडी असती, पण अशी मान ताठ नसती!" "असा माणूस पुन्हा होणे नाही!"

सासरे रोज संध्याकाळी टीव्हीसमोर बसू लागले. आधी हाताची घडी घालून, मग घडी सोडून. नोकरीत असताना त्यांच्याबद्दल कुणी असं बोललं नव्हतं. दुकानदारांनी शिव्या दिल्या होत्या, साहेबांनी बदल्या केल्या होत्या. निवृत्तीच्या दिवशी तर हारतुरे सोडाच, चहा द्यायलाही लोक विसरले होते. आता एक बाई रोज डोळ्यांत पाणी आणून सांगत होती की हा माणूस मोलाचा होता. एकदा लेखकाला फोन आला.

"कालचं वाक्य बरं होतं."

"कुठलं, बाबा?"

"तेच. मान ताठ असल्याचं." आणि फोन बंद.

लेखकाला वाटलं, सुटलो. पण मेलेल्या माणसाची स्तुती त्याच्या घरच्यांनाच गोड लागते. बाकीच्यांना तिसऱ्या दिवशी जांभया येतात. टीआरपी धपकन खाली आला. वाहिनीच्या बाईंनी बोलावून घेतलं.

"सर, हा माणूस फार चांगला झालाय."

"तो चांगलाच आहे हो."

"म्हणूनच. त्याचं दुसरं घर काढू या."

"दुसरं घर म्हणजे?"

"दुसरी बाई, सर. एक मोठा मुलगा. दोघं एक दिवस दारात येऊन उभे राहतात, भिंतीवर फोटो बघतात, मुलगा म्हणतो, 'बाबा!' भाग तिथंच संपतो."

लेखक खुर्चीतून उठलाच. "बाई, तो माझा सासरा आहे!"

"मग तर उत्तमच," बाई समजूत काढत म्हणाल्या. "लेखकाला आपलं पात्र आतून माहीत असावं लागतं."

ज्या दिवसासाठी त्याने निर्माता व्हायचं ठरवलं होतं, तो दिवस हाच. त्याच्या वाक्याला कुणी हात लावणार नव्हतं. ते वाक्य तो स्वतःच, स्वतःच्या हाताने लिहिणार होता! त्याने लिहिलं. लिहिताना दारावरची आपल्या नावाची पाटी काढून ठेवावीशी वाटली.

तो भाग दाखवला त्याच्या दुसऱ्या दिवशी सासरे किराणा दुकानात गेले. दुकानदार गल्ल्यावरून उठला. याच दुकानदाराचा तराजू त्यांनी एके काळी जप्त केला होता.

"या काटेसाहेब!" तो गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "आमचं पारडं छटाकभर झुकलं तर दंड! आणि तुम्ही दोन पारडी सांभाळलीत ती इतकी वर्षं? तीही समसमान! कला आहे बुवा!"

दुकानात हशा पिकला. सासरे काही न घेता परतले. पण रस्त्यात त्यांना एक गोष्ट जाणवली. लोक वळून बघत होते. कोपऱ्यावरचा न्हावी, जो एरवी मान हलवायचाही कंटाळा करी, तो खुर्ची सोडून दारात आला. बागेतल्या बाकावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांनी त्यांना सरकून मधली जागा दिली. त्यांच्या चेहऱ्यांवर निषेध नव्हता. आदर होता!

इकडे लेखक आणि बायको माफी मागायला शेजारच्या गावी पोचले. वाटेत बायको मागच्या सीटवर बसली होती. आत शिरतात तो सासूबाई खुर्चीत बसून हसत होत्या. पोट धरून, डोळे पुसत.

"आई, मला माफ करा..." लेखकाने सुरुवात केली.

"माफ कसलं!" सासूबाईंना धाप लागली होती. "हे? आणि दुसरं घर? अहो, यांना एक घर झेपेना! गॅसचा सिलिंडर लावायचा तर शेजाऱ्यांना हाक मारतात, ते दुसरीकडे जाऊन काय लावणार होते? लोकांना पटतं तरी कसं बाई!"

सासरे गॅलरीत उभे होते. त्यांनी हे सगळं ऐकलं होतं. लेखक जवळ जाऊन उभा राहिला. समोर रस्त्यावर माणसं ये-जा करत होती. एकाने वर बघून हात केला. सासऱ्यांनीही थोडा उचलला.

"बाबा, माझं चुकलं."

"हं."

 मग सासऱ्यांनी आतल्या दाराकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

"ती... दुसरी. ती काय करते?"

"कोण? मालिकेतली? गाणं शिकवते."

"गाणं," सासरे म्हणाले. कठड्यावर त्यांची बोटं हळूच दोनदा वाजली. "आणि तिच्याशी माझं वागणं कसं होतं? म्हणजे तुम्ही काय लिहिलंय?"

"चांगलं होतं, बाबा. तुम्ही तिला कधी दुखवलं नाहीत."

"मग असू द्या," सासरे म्हणाले. "तिला आता एकदम वाईट करू नका. लोक उगाच बोलतील."

आतून सासूबाईंचं हसू पुन्हा ऐकू आलं. सासऱ्यांची मान खाली गेली. लेखकाने आजवर माणसाचं दुःख अनेक तऱ्हांनी लिहिलं होतं. पण आपल्या हातून पाप घडलं असेल यावर बायकोचा क्षणभरही विश्वास बसू नये, हे दुःख त्याला कधी सुचलं नव्हतं.

त्यानंतर सासरे इस्त्रीचा शर्ट घालून फिरायला जाऊ लागले. मालिका ते आता सासरे म्हणून बघत नव्हते, मालक म्हणून बघत होते. आणि एके दिवशी त्यांनी फोनवर विचारलं, "मी मेलो कसा?"

"होडी उलटली, बाबा. धरणात. मागच्याच आठवड्यात मालिकेतल्या आईच्या बोलण्यात येऊन गेलं."

"धरणात?" सासरे उखडले. "अहो, मला पोहता येतं! तरुणपणी मी नदी आडवी पार करायचो. बुडेन कसा?"

"बाबा, ते तुम्ही नाही. ते पात्र आहे."

"चेहरा कुणाचा आहे? माझा. मग पोहणंही माझं!"

लेखकाने विषय कसाबसा थांबवला. सासऱ्यांनी नाही थांबवला. वाहिनीचा एक नंबर होता, प्रेक्षकांनी मत कळवायचं. त्यावर त्यांनी फोन लावला आणि खणखणीत आवाजात कळवलं, "फोटोतला माणूस बुडणं शक्य नाही. त्याला उत्तम पोहता येतं. मी बोलतोय म्हणजे कोण, तर तोच बोलतोय!"

तासाभरात वाहिनीच्या बाई शिंप्याच्या दुकानावरचा जिना चढून लेखकाच्या कचेरीत आल्या. त्या आपणहून पहिल्यांदाच येत होत्या.

"सर! ते जिवंत आहेत हे सांगितलं का नाहीत?"

"मी तेच तर सांगत होतो."

"म्हणजे परत येऊ शकतात! प्रेत कुठं सापडलंय? आणि थेट प्रक्षेपण करायचं. घरोघरी लोक बघतायत, त्या क्षणी दार उघडतं आणि फोटोतला माणूस आत येतो. दुसरा नट चालायचा नाही, हाच चेहरा हवा."

मेलेला माणूस परत येणार नाही, असं बायकोला ठणकावलेलं लेखकाला आठवलं. घरी गेल्यावर त्याने तिला ही बातमी दिली.  ती फक्त हसली. पण किती दिवसांनी हसली होती!

सासऱ्यांनी लगेच हो म्हटलं नाही. दोन अटी घातल्या. तोंडाला रंग लावणार नाही, आणि वाक्य एकच बोलणार. वाक्य ठरलं, "मी आलोय. जरा उशीर झाला." एवढ्याशा वाक्यासाठी त्यांनी आरसा धरला. कधी 'मी'वर जोर, कधी 'उशीर'वर. सासूबाईंना त्यांनी इतक्या वेळा 'मी आलोय' म्हणून सांगितलं की त्या शेवटी म्हणाल्या, "अहो, आता एकदा गेलात तरी चालेल!"

थेट प्रक्षेपणाच्या दिवशी सासूबाई आणि बायको सेटच्या एका कोपऱ्यात खुर्च्यांवर बसल्या. लेखक सेटवरचं चित्रण दिसणाऱ्या पडद्यांच्या खोलीत, वाहिनीच्या बाईंशेजारी.  ज्येष्ठ बाई फोटोसमोर उभ्या. गरीब स्वभावाचा जावई पाण्याचा ट्रे घेऊन मागे. संगीत थांबलं आणि दार उघडलं.

सासरे आत आले. चार पावलं ठरल्याप्रमाणे टाकली. मग त्यांची नजर भिंतीवर गेली. तिथं ते स्वतः होते, काळ्या चौकटीत, खाली दिवा. त्यांनी खाली पाहिलं, तर एक बाई त्यांच्याकडे बघून थरथरत होती. ज्येष्ठ बाई कसलेल्या होत्या, पण त्या दिवशी त्यांचं रडणं कामाचं नव्हतं. इतके दिवस ज्या डोळ्यांशी त्या बोलत होत्या, ते डोळे चालत समोर आले होते! त्यांना हुंदका आवरेना.

सासरे गप्प.  "बोला बाबा," लेखक पडद्यावर नजर रोवून पुटपुटला. "मी आलोय. मी आलोय!"

सासरे वाक्य विसरले होते. आपल्यासाठी कुणाला असं रडताना त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. ते एक पाऊल पुढे झाले, त्यांनी हात जोडले आणि लाखो लोकांसमोर अगदी मनापासून म्हणाले,

"रडू नका हो बाई. तुमचा काही दोष नाही. ही सगळी जावयाची करणी आहे."

सेटवर टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. टाचणी नाही, पण ट्रे पडला. मागचा गरीब जावई, ज्याच्या वाट्याला अख्ख्या मालिकेत 'पाणी आणू का?' याखेरीज वाक्य नव्हतं, तो बिचारा दचकला आणि सगळे पेले खळ्ळकन फुटले. कॅमेरावाल्याने सवयीने त्याच्या पांढऱ्याफटक चेहऱ्यावर कॅमेरा नेला. दिग्दर्शकाने घाबरून भाग तिथंच थांबवला.

पडद्यांच्या खोलीत वाहिनीच्या बाई हळूहळू लेखकाकडे वळल्या.

"जावयाने होडी उलटवली!" त्या कुजबुजल्या. "सर, हे लिहिलंत कधी?"

लेखकाने तोंड उघडलं. सांगायचं होतं ते सगळं ओठांवर आलं होतं. मग त्याने तोंड मिटलं आणि म्हणाला, "ऐनवेळी सुचलं."

 घरी परतताना गाडीच्या मागच्या सीटवर सासूबाई काचेबाहेर बघत होत्या. मधेच म्हणाल्या, "त्या बाईंना किती छान म्हणालात, रडू नका. मला कधी म्हणाला नाहीत."

"तू रडलीस कधी?" सासरे म्हणाले.

"तुम्ही बघितलंत कधी?"

 मग आरशात लेखकाला दिसलं, सासऱ्यांचा हात सीटवरून सरकत सरकत सासूबाईंच्या हाताशी गेला आणि तिथं पोचून, काय करावं न कळून, नुसता पडून राहिला. सासूबाईंनी तो हलवला नाही.

मालिका पहिल्या क्रमांकावर गेली. गरीब जावई रातोरात खलनायक झाला. तो बिचारा आनंदाने वेडा व्हायचाच बाकी होता. लेखक मात्र रोज सकाळी बसून एका दुष्ट, लबाड, सासऱ्याच्या जिवावर उठलेल्या जावयाचे कारनामे लिहू लागला. मोठ्या मनाने त्यात बायकोही मदत करायची. "हे नाही," ती सांगायची, "जावई खोटं बोलला की कानाची पाळी चोळतो असं लिही." लेखकाचा हात तेव्हा कानावर असायचा.

सासरे रोज सकाळी सेटवर जायचे, संध्याकाळी परतायचे. महिने गेले. मग एके दिवशी ते लेखकाच्या कचेरीत आले आणि खुर्चीच्या कडेला बसले.

"जावईबापू, आता पुरे. रोज तेच दार, तेच येणं. मला मारून टाका. या खेपेला व्यवस्थित, म्हणजे पुन्हा भानगड नको. अंथरुणात, झोपेत."

"बरं, बाबा."

त्याने कागद पुढे ओढला. पहिल्या खेपेला याच माणसाला त्याने एका दुपारी, गाडीची डिकी उघडून, विचारही न करता मारलं होतं. आता लेखणी हलेना. तो लिहायचा, 'बाबा डोळे मिटतात', आणि खोडायचा. 'आई बाबांच्या कपाळावर हात ठेवते', आणि खोडायचा. डोळ्यांसमोर मालिकेतली आई येत नव्हती, दुसरीच कुणी यायची. चार दिवस गेले. वाहिनीच्या बाईंचे फोन येत राहिले. शेवटी एका दुपारी पुन्हा कचेरीचं दार वाजलं. या खेपेला सासूबाई होत्या.

"ऐकलं ते खरं का हो? यांना मालिकेतून काढताय?"

"त्यांचीच इच्छा आहे, आई. पण मला लिहवत नाहीये." लेखकाने लेखणी खाली ठेवली. "जीव धजत नाही. कसं सांगू तुम्हाला..."

"मग नकाच लिहू!" सासूबाई घाईघाईने म्हणाल्या. "अहो, लग्नानंतर पहिल्यांदा दुपारचं घर मला एकटीला मिळालंय. पाय पसरून बसते, हवं ते बघते. हे दिवसभर घरी आले की पुन्हा माझी भाजी वजन करून बघणार. वर्षभर तरी मारू नका हो त्यांना. तुम्हाला माझी शपथ!"

लेखकाने डोळे पुसले, सासऱ्यांना फोन लावला आणि सांगितलं, बाबा, वाहिनी तुम्हाला सोडायला तयार नाही.

 पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज.

"माझ्याशिवाय त्यांचं चालत नाही म्हणा."

"अजिबात चालत नाही," लेखक म्हणाला. आणि कानाची पाळी चोळता चोळता त्याने उद्याच्या भागासाठी जावयाचं नवं कारस्थान लिहायला घेतलं.